जलरंगाशी पहिली ओळख : घरच्या घरी पाच सोपे चित्रप्रयोग

जलरंग हे माध्यम दिसायला सोपे आणि हाताळायला अवघड, असा समज रूढ आहे. शाळेत रंगपेटी वापरलेले अनेक जण मोठेपणी हौसेने पुन्हा कुंचला हाती घेतात. पण दोन-चार कागद खराब झाले की ‘चित्रकला आपले काम नव्हे’ म्हणून रंगपेटी कायमची मिटून ठेवतात. प्रत्यक्षात दोष बहुधा पातळ कागदाचा आणि घाईचा असतो. रंगाइतकेच पाण्याला आणि पाण्याइतकेच थांबण्याला महत्त्व देणारे हे माध्यम आहे. ही गोष्ट अंगवळणी पडावी, यासाठी पुढील पाच प्रयोग उपयुक्त ठरतील.

साहित्य

पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी कागदावर करावेत. वहीचा किंवा साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो, त्याचा पृष्ठभाग सुटतो. ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद घ्यावा. मोठा कागद महाग वाटल्यास त्याचे चार किंवा आठ तुकडे करावेत. कागदाच्या चारही कडा मास्किंग टेपने बोर्डवर चिकटवाव्यात. ६ आणि १२ क्रमांकाचे गोल ब्रश, एक चपटा ब्रश, पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुण्यासाठी, दुसरे स्वच्छ पाण्यासाठी) आणि जुने सुती फडके एवढे पुरते. लेमन यलो, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना या चार रंगांतून बहुतेक छटा मिळतात.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. त्यामुळे उजेडाची जागा आधीच ठरवून राखावी लागते. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. दिव्याचा प्रकाश जलरंगात किती प्रभावीपणे पकडता येतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

१. एका रंगाचे डोंगर

फक्त अल्ट्रामरीन ब्लू घ्यावा. भरपूर पाण्यात अगदी फिका रंग करून सर्वांत दूरची डोंगररांग भरावी. ती पूर्ण वाळल्यावर थोडा गडद रंग घेऊन तिच्या पुढची रांग काढावी. अशा चार-पाच रांगा होईपर्यंत रंग क्रमाने गडद करावा. हवेतील धूसरपणामुळे दूरचे डोंगर फिके दिसतात. सह्याद्रीच्या घाटात हे सहज अनुभवता येते. पाण्याचे प्रमाण आणि थर वाळू देण्याचा संयम हा प्रयोग शिकवतो.

२. पावसाळी आभाळ

कागदावर चपट्या ब्रशने स्वच्छ पाणी फिरवावे. पाण्याचे थारोळे ओसरून नुसती चकाकी उरली की निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा रंग ठिकठिकाणी सोडावा. बोर्ड तिरका केल्यास रंग आपोआप पसरतो. ढगांच्या पांढऱ्या कडांसाठी कोरड्या फडक्याने रंग हलकेच टिपून घ्यावा. अर्धवट वाळलेल्या भागाला मात्र ब्रश लावू नये. नवे पाणी जुना रंग ढकलते आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात.

३. मेणखडू आणि जलरंग

येथून मिश्र माध्यमाला सुरुवात होते. पांढऱ्या मेणखडूने कागदावर दाबून वारली शैलीतील माणसे, झाडे, तारपा वाजवणारा वादक आणि त्याच्याभोवतीचा फेर काढावा. नंतर बर्न्ट सिएनाचा पातळ थर सर्वत्र द्यावा. मेण पाणी धरत नसल्याने आकृत्या पांढऱ्याच राहतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या मूळ वारली चित्राचा आभास त्यातून निर्माण होतो. ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. मुलांसोबत करण्यास हा प्रयोग विशेष सोपा आहे.

४. शाईची रेषा, रंगाची छटा

खिडकीतून दिसणारे घर, जुना वाडा किंवा टेबलावरची चहाची किटली वॉटरप्रूफ शाईच्या पेनाने रेखाटावी. शाई वाळल्यावर दोन-तीन फिके रंग सैलपणे भरावेत. रंग रेषेबाहेर गेला तरी बिघडत नाही. आकार रेषेने सांभाळलेला असतो. पेनाची शाई पाण्यात पसरते का, हे आधी वेगळ्या तुकड्यावर पाहून घ्यावे.

५. मीठ आणि कोलाज

ओल्या गडद निळ्या रंगावर चिमूटभर जाडे मीठ टाकावे. मिठाचे खडे आजूबाजूचे रंगीत पाणी ओढून घेतात आणि चांदण्यांसारखे फिके ठिपके तयार होतात. कागद पूर्ण वाळल्यावर मीठ हाताने झाडून टाकावे. या रात्रीच्या आकाशाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या कापलेल्या इमारती पातळ फेव्हिकॉलने चिकटवाव्यात. खिडक्यांमधील दिवे पिवळ्या पोस्टर रंगाने काढता येतील. हा रंग अपारदर्शक असल्याने छापील अक्षरांवरही उठून दिसतो.

हे लक्षात ठेवा

- ओला रंग वाळल्यावर फिका होतो. म्हणून तो किंचित गडद घ्यावा.
- एका वेळी दोन किंवा तीनच रंग मिसळावेत. त्याहून अधिक रंग मिसळल्यास चिखलासारखी छटा येते.
- चूक झाल्यास घासू नये. तो भाग वाळू द्यावा, मग ओल्या ब्रशने भिजवून फडक्याने टिपावा.
- ब्रश पाण्यात उभे ठेवू नयेत, टोक वाकते. धुऊन आडवे वाळवावेत.
- पूर्ण झालेले चित्र थेट उन्हात लावू नये; अनेक रंग उन्हाने उडतात.

प्रत्येक प्रयोग किमान तीनदा करावा आणि तिन्ही कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवावेत. पहिला आणि तिसरा कागद शेजारी ठेवून पाहिल्यास हातात काय फरक पडला, हे कुणी सांगण्याची गरज उरत नाही.