विद्यार्थ्याला सोंपविलेला प्रश्न

कॉलेजांतील प्रयोगाचें उत्तर बहुधा आधींच ठाऊक असतें. विद्यार्थी लंबक हालवितो, सेकंद मोजतो, आणि आलेला आंकडा पुस्तकांतील आंकड्याशीं जुळला म्हणजे समाधानानें वही मिटतो. संशोधनाची गोष्ट निराळी. तेथें उत्तर कोणालाच ठाऊक नसतें, शिकविणारालाही नाहीं. असें काम पदवीची परीक्षाही न दिलेल्या विद्यार्थ्याच्या हातीं द्यावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. त्या वादांत इ. स. १९०९ सालीं मँचेस्टर येथें घडलेली हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मँचेस्टर हें त्या काळीं इंग्लंडमधील सुती कापडाच्या व्यापाराचें मोठें शहर होतें. १९०७ सालीं तेथील विद्यापीठांत अर्नेस्ट रदरफोर्ड हे पदार्थविज्ञानाचे मुख्य अध्यापक म्हणून आले. पुढल्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हान्स गायगर हे तरुण जर्मन शास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. किरणोत्सर्गाच्या मोजमापाच्या रीती ते विद्यार्थ्यांना शिकवीत. त्यांच्या हाताखालीं अर्नेस्ट मार्सडेन नांवाचा वीस वर्षांचा मुलगा तयार होत होता. लँकाशायरमधील रिशटन गांवच्या एका विणकराचा हा मुलगा. पदवी अद्याप पदरांत पडावयाची होती.

रदरफोर्ड यांनीं पुढें सांगितलेली आठवण अशी कीं, एके दिवशीं गायगर त्यांना म्हणाले, मार्सडेनला आतां एखादें लहानसें संशोधन द्यावयास नको काय? रदरफोर्ड यांच्याही मनांत तेंच होतें. धातूच्या पातळ पत्र्यांतून जातांना आल्फा कण किंचित् वांकडे होतात, हें माहीत होतें. एखादा कण मोठ्या कोनांतून वळतो काय, तें या मुलानें पाहावें, असें त्यांनीं सुचविलें. तसें कांहीं आढळेल अशी त्यांची स्वतःची मुळींच अपेक्षा नव्हती. आल्फा कण जड आणि अतिशय वेगवान; परमाणु म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणें धनविद्युतेचा पसरट गोळा. त्याला भेदून कण पार जावयाचा, असाच सर्वांचा समज होता.

हा प्रश्न विद्यार्थ्याला किती योग्य होता तें पाहावें. तो लहान होता. शिकलेली रीतच त्याला पुरेशी होती. उत्तर नकारार्थी आलें असतें, तरी हात आणि डोळे तयार झालेच असते. आणि तरीही प्रश्न खरा होता; त्याचें उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नव्हतें.

प्रयोगाची मांडणी साधी होती. किरणोत्सर्गी वायूनें भरलेली कांचेची नळी एका बाजूस, झिंक सल्फाइडचा पडदा दुसऱ्या बाजूस, आणि कण सरळ पडद्यावर जाऊं नयेत म्हणून मध्यें शिशाची आड. समोर धातूचा पत्रा. पत्र्यावरून परतलेला कण पडद्यावर आदळला कीं प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका क्षणभर लुकलुके. अंधारांत डोळे सरावेपर्यंत स्वस्थ बसावयाचें, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठिपके एकेक करून मोजावयाचे, असें हें चिकाटीचें काम होतें.

ठिपके दिसले. मिनिटाला सोन्यापासून सरासरी ६७, चांदीपासून २७, ॲल्युमिनियमपासून अवघे ३.४! प्लॅटिनमच्या पत्र्यावर पडणाऱ्या सुमारें ८,००० कणांपैकीं एक मागें फिरत होता. रदरफोर्ड थक्क झाले. या एका कणाचा उलगडा करतांना १९११ सालीं त्यांनीं सिद्धान्त मांडला कीं, परमाणूचें बहुतेक सारें वस्तुमान मध्यभागीं अत्यंत लहान जागेंत एकवटलेलें असतें. परमाणूच्या केंद्रकाचा शोध तो हाच.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मे १९०९ मध्यें हा निबंध रॉयल सोसायटीकडे गेला. कल्पना रदरफोर्ड यांची होती. पण लेखक म्हणून नांवें छापलीं तीं गायगर आणि मार्सडेन यांचीं. रदरफोर्ड यांनीं फक्त सोसायटीचे सदस्य या नात्यानें तो सादर केला.

पण ज्याच्या शेजारच्या खोलींत रदरफोर्ड नाहीं, त्यानें काय करावें? याचें उत्तर मद्रासच्या एका विद्यार्थ्यानें दिलें. १९२८ सालीं जर्मनीचे आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले. प्रेसिडेन्सी कॉलेजांतील अठरा वर्षांचा सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर त्यांचा ग्रंथ स्वतःच वाचून गेलेला होता. तो थेट त्यांच्या हॉटेलांत जाऊन भेटला. तेथें कळलें कीं, आपण शिकलों तें शास्त्र नव्या शोधांनीं मागें टाकलें आहे! दुसरा एखादा खट्टू होऊन परतला असता. चंद्रशेखर परतला तो सोमरफेल्ड यांच्या अप्रकाशित निबंधाचीं मुद्रितें घेऊन. तीं अभ्यासून त्यानें थोड्याच महिन्यांत स्वतःचा निबंध लिहिला व केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांजकडे धाडला. मार्सडेनचा निबंध ज्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत आला होता, त्यांतच बरोबर वीस वर्षांनीं, १९२९ सालीं, हाही प्रसिद्ध झाला. फाउलर यांना हा विद्यार्थी अपरिचित होता. तरी त्यांनीं लेखन वाचलें आणि पुढें केलें.

मार्सडेन १९१५ मध्यें न्यूझीलंडांत प्राध्यापक झाले व १९२६ पासून तेथील सरकारी शास्त्रीय संशोधन खात्याचे प्रमुख. चंद्रशेखर यांना १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून असें कांहीं घडेल, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु वीस वर्षांच्या मुलाला आधीं पदवी घेऊन ये, असें मँचेस्टरला कोणी म्हणालें असतें, तर आठ हजारांतला तो एक कण त्या वर्षीं तरी मोजावयाचा राहून गेला असता.