भौमितिक आकारांची ओळख (बालशिक्षण)

भौमितिक आकारांची ओळख हा पूर्वप्राथमिक व प्राथमिक गणितशिक्षणातील एक घटक आहे. त्रिकोण, चौरस, आयत, वर्तुळ इत्यादी आकृत्या ओळखणे आणि त्यांतील साम्य-भेद शोधणे यांचा त्यात समावेश होतो.

नेदरलँड्समधील शिक्षक दांपत्य पिएर व्हान हिले व डिना व्हान हिले-गेल्डॉफ यांनी १९५७ साली युट्रेख्त विद्यापीठातील आपल्या प्रबंधांत भौमितिक विचारांच्या पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर मूल आकृतीला तिच्या एकंदर रूपावरून ओळखते. बाजू व कोन यांकडे त्याचे लक्ष नसते. म्हणूनच एका कोपऱ्यावर उभा केलेला चौरस त्याच्या लेखी चौरस राहत नाही. मराठी मुलाला त्यात शंकरपाळी किंवा पतंग दिसू शकतो. याउलट गोलसर कोपऱ्यांची आकृती ते त्रिकोण म्हणून सहज स्वीकारते. यात दोष बराचसा तक्त्यांचा असतो: त्यांवरील त्रिकोण बहुधा समभुज आणि आडव्या पायावर उभा असतो. अरुंद, कललेले, उलटे त्रिकोण व त्रिकोण नसलेल्या आकृती शेजारी ठेवून ‘हा का नाही?’ असे विचारल्यास मूल बाजू मोजू लागते. गुणधर्मांचा हा विचार म्हणजे दुसरी पातळी. चौरस हाही एक आयतच, हे त्यापुढचे आकलन. व्हान हिले यांच्या मते ही प्रगती वयापेक्षा अध्यापनावर अधिक अवलंबून असते.

मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मूल लाकडी आकृतीच्या कडेवरून बोट फिरवून ती तिच्या खाचेत बसवते. न जुळणारी आकृती खाचेत बसतच नाही. चूक दाखवण्यास शिक्षक लागत नाही.