शिंप्याचा मुलगा आणि सरकारी पोशाख

परप्रांतात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी एक ट्रंक अशी असतेच, की जी बदलीचा हुकूम आला म्हणजे सर्वांत आधी उघडली जाते. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा एक गरम कोट, एकदा उसवून पुन्हा शिवलेली विजार, लग्नात मिळालेले आणि अद्यापही ‘चांगल्या प्रसंगासाठी’ राखून ठेवलेले कापड, अशी तिच्यातली संपत्ती. पगार एका इयत्तेचा आणि अपेक्षित पोशाख तिच्या वरच्या इयत्तेचा, ही सरकारी नोकराची जुनीच अडचण आहे. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे म्हणणाऱ्याला त्या दहा नुरांची किंमत कोणत्या खात्यातून भागवावी, हे मात्र सांगावेसे वाटले नाही.

या अडचणीचा पहिला तपशीलवार हिशेब कोणी लिहून ठेवला, हे सांगणे अवघड आहे. परंतु सर्वांत प्रांजळ हिशेब कोणाचा, असे विचारले तर माझ्यापुरते उत्तर ठरलेले आहे: सतराव्या शतकातील लंडनचा एक सरकारी अंमलदार, सॅम्युएल पीप्स. त्याची रोजनिशी प्लेगसाठी आणि लंडनच्या आगीसाठी वाचली जाते. नाटकांसाठी आणि भानगडींसाठीही वाचली जाते. पण ती वाचताना कपड्यांच्या नोंदींवर बोट ठेवीत गेले, तर त्या नऊ-साडेनऊ वर्षांत एका कारकुनाचा साहेब कसा घडला, याचा क्रमवार इतिहास हाती लागतो.

पीप्सचा जन्म 1633 सालचा. बाप फ्लीट स्ट्रीटजवळच्या सॉल्सबरी कोर्टात राहणारा शिंपी. म्हणजे कापडाचा पोत, अस्तराची लबाडी आणि शिलाईचा दर या गोष्टी या मुलाने पाळण्यातच ऐकल्या असणार. हुशारीच्या बळावर तो केंब्रिजला गेला, पदवी घेऊन आला आणि दूरचा नातेवाईक एडवर्ड माँटेग्यू याच्या आश्रयाने सरकारी खजिन्यात कारकून झाला. वरिष्ठ जॉर्ज डाऊनिंग. आज पंतप्रधानांच्या निवासस्थानामुळे जगप्रसिद्ध असलेली गल्ली ज्याच्या नावाची, तोच हा. पगार सालीना 50 पौंड.

1 जानेवारी 1660 रोजी रोजनिशी सुरू होते आणि पहिल्याच दिवशी पोशाखाचा उल्लेख येतो. मोठ्या घेराचा पोशाख घालून आपण बाहेर पडलो, अलीकडे दुसरे काही अंगावर घातलेलेच नाही, असे तो नमूद करतो. लोक आपल्याला सधन समजतात, प्रत्यक्षात आपण फार गरीब आहोत, हेही त्याच सुरुवातीच्या ओळींत आहे. वरून सधन दिसायचे आणि आतून काटकसर करायची, हे मध्यमवर्गाचे ब्रीद त्याच्याइतक्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

त्याच वर्षी राजा दुसरा चार्ल्स परत आला आणि माँटेग्यूच्या वशिल्याने पीप्सला नौदल मंडळाच्या चिटणिसाची जागा मिळाली. पगार 350 पौंड. म्हणजे एका उडीत सातपट! पण सरकारी बढतीला एखादी मेख असतेच. या जागेचा जुना हक्कदार बार्लो नावाचा वृद्ध गृहस्थ हयात होता. त्याने हक्क सोडावा म्हणून पीप्सने त्याला दरसाल 100 पौंड देण्याचे कबूल केले. तो 1665 साली वारला, तोवर हे देणे चालूच होते. तेव्हा हाती उरत 250.

या नव्या जागेवर बसण्यासाठी त्याने प्रथम काय केले असेल? 1 जुलै 1660 रोजी सोन्याच्या गुंड्या लावलेला, कॅम्लेट नावाच्या उंची कापडाचा झगा आणि एक रेशमी पोशाख घरी आला. पैसे पुष्कळ पडले. ते फेडण्याची ताकद देवाने द्यावी, अशी प्रार्थना त्याच नोंदीत आहे. दहा दिवसांच्या आत तो रेशमी पोशाख अंगावर चढला, आणि जन्मात प्रथमच रेशीम घातले, हे सांगताना त्याला लाज वाटलेली दिसत नाही. पुढच्या फेब्रुवारीत सभ्य गृहस्थांच्या रिवाजाप्रमाणे कोट आणि कमरेला तलवार लावून तो बाहेर पडू लागला. जहाजांच्या दोरखंडांचे आणि डांबराचे हिशेब तपासणाऱ्या चिटणिसाला तलवारीचा उपयोग काय? आपल्याकडील एका पिढीच्या हेडक्लार्काला टायचा होता तितकाच.

मात्र हा गृहस्थ उधळ्या नव्हता. महिनाअखेरीस तो जमाखर्च मांडी, शिल्लक किती वाढली ते लिही आणि ती घटली की स्वतःला दोष देई. 1661 अखेर त्याने मद्य आणि नाटके यांना आळा घालण्याची शपथ घेतली. पोशाखातही त्याची रीत पाहण्यासारखी आहे. मखमलीचा एक कोट त्याने शिवून घेतला आणि तब्बल सहा महिने पेटीत ठेवला. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशीची राजाची मिरवणूक निघाली, तेव्हा 22 एप्रिल 1661 रोजी तो प्रथम बाहेर आला. 1662 च्या हिवाळ्यात हात उबदार ठेवण्यासाठी मफ वापरण्याची फॅशन आली, तेव्हा त्याने बायकोला नवा मफ घेऊन दिला आणि तिचा मागील वर्षाचा जुना आपण वापरू लागला. शिवणकाम तर घरचेच होते. बाप गावाकडच्या वतनावर गेल्यावर दुकान धाकट्या टॉमने चालवले आणि 1664 साली टॉम वारेपर्यंत पीप्सचे पुष्कळसे कपडे तिथेच बेतले गेले.

या साऱ्या काटकसरीचा बांध 1663 च्या ऑक्टोबरात फुटला. महिनाअखेरीचा हिशेब मांडला तेव्हा मागील महिन्याचे 760 पौंड घटून 717 झालेले. कारण कपडे. बायकोच्या कपड्यांवर सुमारे 12 पौंड आणि स्वतःच्या कपड्यांवर सुमारे 55! मखमलीचा झगा, साध्या काळ्या लोकरी कापडाचे दोन पोशाख, सोन्याच्या गुंड्यांचा नवा घरगुती झगा, नवी टोपी, केसांचे दोन टोप, एक तीन पौंडांचा आणि दुसरा दोन पौंडांचा, अशी ती यादी आहे. यापुढे आपल्या दर्जाला शोभेल असेच राहायचे, हा त्याचा निश्चय.

या यादीवर क्षणभर थांबण्यासारखे आहे. तीन वर्षांपूर्वी ज्याचा वर्षाचा पगार 50 पौंड होता, त्याने एका झपाट्यात 55 पौंड अंगावर चढवले. तरीही निवड अगदी वेडी नव्हती. काळे, साधे, लोकरी कापड, आणि तेही दोन जोड! दिखाऊपणाला एक मखमल पुरे. रोजच्या कचेरीला मात्र न मळणारे, न खटकणारे आणि आलटून पालटून घालता येणारे दोन साधे पोशाख. बेताच्या पैशात कचेरीचा पोशाख उभारण्याचे यापेक्षा शहाणे तत्त्व पुढील साडेतीनशे वर्षांत कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही. खटकते ते वेगळेच. बायकोच्या बारा पौंडांशेजारी नवऱ्याचे पंचावन्न. ‘नोकरीसाठी लागतात’ हे समर्थन तेव्हाही तयार असणार. आपल्या घरांतील लुगड्यांचा आणि सुटांचा हिशेब कधी कोणी शेजारी शेजारी मांडला, तर आकडे फारसे निराळे निघतील असे वाटत नाही.

केसांचा टोप घालून तो प्रथम चर्चमध्ये गेला, तेव्हा सारी मंडळी आपल्याकडेच वळून पाहतील अशी त्याला धास्ती होती. कोणी ढुंकूनही पाहिले नाही! नवा कोट घालून प्रथम कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येकाने हा दिलासा, आणि त्यात मिसळलेली किंचित निराशा, अनुभवलेली असते. याच टोपांची दुसरी बाजू 1665 साली दिसली. प्लेगने लंडन ओस पडले होते. वेस्टमिन्स्टरमध्ये साथ असताना घेतलेला नवा टोप त्याने भीतीने बरेच दिवस डोक्याला लावला नाही. साथ ओसरल्यावर टोप विकत घेण्याचे धाडस कोण करील, मेलेल्यांच्या डोक्यावरचे केस त्यात असले तर, असा विचार त्याच्या मनात आला.

पण एक प्रश्न टाळता येत नाही. 250 पौंडांत हे सारे भागत होते काय? भागत नव्हते, आणि इथेच ही गंमतीची रोजनिशी गंभीर होते. एप्रिल 1663 मध्ये एका कप्तानाचे पत्र आले. हाताला आत पैसे लागले. पीप्सने कचेरीत पोचेपर्यंत ते फोडले नाही. मग पाकीट उपडे करून पैसे बाहेर पाडले आणि नंतरच कागदात पाहिले. हेतू हा, की उद्या कोणी विचारलेच तर ‘कागदात पैसे पाहिले नाहीत’ असे शपथेवर सांगता यावे! फेब्रुवारी 1664 मध्ये नौदलाला लाकूड आणि डोलकाठ्या पुरवणारा बडा व्यापारी सर विल्यम वॉरन याने त्याच्या बायकोसाठी म्हणून हातमोजे कागदात गुंडाळून दिले. पुडी हाताला टणक लागली, म्हणून त्याने ती तिथे उघडली नाही. घरी येऊन पाहतो तो पांढऱ्या हातमोज्यांबरोबर सोन्याची 40 नाणी. त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. 1666 अखेर त्याची शिल्लक 6,200 पौंडांवर गेली होती. पगारात ती बसत नाही, हे सांगायला हिशेबतपासनीस नको.

त्याला निव्वळ लाचखाऊ म्हणून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. लाकडाची मापे, दोरखंडाची प्रत, कापडाचे भाव त्याने पहाटे उठून शिकून घेतले. कंत्राटदारांच्या लबाड्या उघड केल्या. पुढे ब्रिटिश नौदलाच्या कारभाराला शिस्त लावणाऱ्यांत त्याचे नाव मोठे झाले. त्या काळी अशा भेटी हा अर्धा रिवाजच होता. पण पाकीट उपडे करताना त्याने जी नजर वळवली, ती रिवाजाची नव्हे. ती अपराधी मनाची. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्याला कळत होते. पण अंथरूण लांबवणारे कोणी भेटले, की पाय आपोआप पसरतात.

1666 च्या सप्टेंबरात लंडन जळाले. ऑगस्टमध्ये शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले होते. काळ कळावा म्हणून एवढे सांगितले. आगीनंतर महिनाभरात राजाने जाहीर केले, की आपण पोशाखाची एक नवी रीत घालून देणार आणि ती कधी बदलणार नाही. सरदारांनी काटकसर शिकावी, हा त्यामागील उद्देश. 15 ऑक्टोबरला राजा त्या वेशात दिसला. अंगालगत बसणारा लांब काळा ‘वेस्ट’ आणि त्यावर कोट. ही तऱ्हा इराणी, असे समकालीन जॉन एव्हलिनने लिहिले आहे. 4 नोव्हेंबरला पीप्सचाही वेस्ट शिवून आला आणि तो स्वतःवरच खूश झाला. राजाचा ‘कधी न बदलण्याचा’ निश्चय फार टिकला नाही. पण विजार, वेस्ट आणि कोट ही त्रयी टिकली. वेस्ट आखूड होत होत जाकीट झाला आणि तीन शतकांच्या प्रवासात आपल्या आजोबांच्या फोटोपर्यंत येऊन पोचला. काटकसरीसाठी निघालेला हा पोशाख पुढे हिंदी कारकुनाच्या पगाराला भार झाला, हा इतिहासाचा विनोद.

आपल्या मुलखाचा धागाही याच कथेत गुंतला आहे. 1661 च्या विवाहकरारात मुंबई बेट राजाला आंदण मिळाले. ते सांगितल्यापेक्षा फारच लहान निघाले, पोर्तुगीजांनी आपल्याला फसवले, ही तक्रार 1663 साली पीप्सने टिपून ठेवली आहे. 1668 साली राजाने ते वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. मुंबईचा वर्षाचा खंड, म्हणजे पीप्सच्या त्या एका महिन्याच्या कपड्यांचा पाचवा हिस्साही नव्हे!

मे 1669 मध्ये या कथेचे वर्तुळ पुरे होते. बाह्यांना जरीचे काम असलेला झगमगीत पोशाख घालून पीप्स हवा खाण्यास बागेत गेला. दुसऱ्या दिवशी एका परिचिताने त्या बाह्यांचा विषय काढला. पीप्सला तो झोंबला. दरबारात या बाह्यांनिशी कधी दिसायचे नाही आणि जर ताबडतोब काढून टाकायची, असे त्याने ठरवले. आपल्याला तेच योग्य, हेही त्याने मान्य केले. पोशाख दर्जाच्या खाली असला तर लाज वाटते, हे शिंप्याचा मुलगा लहानपणापासून जाणत होता. वर असला तर लोक हिशेब करू लागतात, हे त्याला नऊ वर्षांनी उमगले. त्याच महिन्याच्या 31 तारखेला, डोळे जातील या भीतीने, त्याने रोजनिशी बंद केली. नोव्हेंबरात बायको गेली. तो स्वतः 1703 पर्यंत जगला, नौदलाचा मुख्य सचिव झाला आणि तीन हजार ग्रंथ व लघुलिपीतील ही रोजनिशी आपल्या कॉलेजाला ठेवून गेला. ती छापून प्रसिद्ध झाली 1825 साली.

लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र-संग्रहालयात त्याचे जॉन हेल्सने 1666 साली काढलेले चित्र आहे. चित्राला 14 पौंड पडले, चौकटीला सव्वा. अंगावर तपकिरी रेशमाचा सैल झगा आहे, त्या काळच्या लंडनमध्ये ‘हिंदी’ म्हणून मिरवणारा. असल्याच झग्याला इंग्रजीत पुढे आपल्याकडच्या वाण्या-बनियांवरून ‘बनियन’ म्हणू लागले, आणि तो शब्द सदऱ्याखाली घालण्याच्या कपड्याचे नाव होऊन आपल्याकडे परत आला. पीप्सने 1661 सालीच असला एक झगा 34 शिलिंगांना घेतला होता. चित्रासाठी मात्र त्याने वेगळा आणला, आणि तो भाड्याचा होता! हे त्यानेच लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळते. मखमल, जर, सोन्याच्या गुंड्या यांवर त्याने एवढा पैसा घातला. जगाच्या डोळ्यांसमोर तो उभा आहे तो उसन्या कपड्यांत. ट्रंक बंद करताना हे चित्र आठवले, म्हणजे आपल्या जुन्या कोटाकडे जरा मायेने पाहावेसे वाटते. तो उसवून शिवलेला असेल; पण आपला असतो, आणि त्याचे पैसे कोणत्या पाकिटातून आले हे सांगताना नजर वळवावी लागत नाही.