टायमिंग पुढं गेलंय

घोड नदीच्या काठाला, आंबेगाव तालुक्यात आमची विहीर. मी शाळेत होतो तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज गेली की आबा हँडल मारून जुनं डिझेल इंजिन चालू करायचे.

एकदा दुरुस्तीनंतर त्याचा आवाज बदलला. धप-धपच्या जागी ऐरणीवर घण पडावा तसा ठण-ठण. आबा खूश. "आता कसं कडक चालतंय!" पण नारायणगावहून आलेल्या मिस्त्रींनी दुरूनच ऐकून सांगितलं, "आबा, ठोकतंय ते. टायमिंग पुढं गेलंय." त्यांनी इंजेक्शन पंपाखाली एक पातळ पत्री वाढवली. आवाज मऊ झाला. मिस्त्रींनी इंजिनाचा जोर काढून घेतला, असं आबा पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले.

पत्रीनं काय बदललं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते, तिच्यात डिझेलचा फवारा पडतो आणि पेटतो. पण लगेच नाही, किंचित उशिरानं. फवारा फार लवकर पडला तर हवा पुरती तापलेली नसते. उशीर वाढतो, तोवर डिझेल साचतं आणि एकदम भडकतं. दाब झटक्यात चढतो. तोच ठोका. फवारा फार उशिरा पडला तर आवाज मऊ, पण काळा धूर, जास्त डिझेल आणि कमी ताकद. मिनिटाला 650 फेरे घेणाऱ्या इंजिनात फवारा पिस्टन वर पोचण्याच्या 20 अंश आधी सुटला, तर मधला वेळ जेमतेम 5 मिलिसेकंद. सगळा खेळ एवढ्यातच.

हा खेळ विहिरीपर्यंत पोचायला पन्नासेक वर्षं लागली. 1897 साली रुडॉल्फ डिझेलचं इंजिन यशस्वी झालं, पण त्यात इंधन दाबलेल्या हवेनं आत फुंकावं लागे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असलं धूड शेतात कोण नेणार? 1927 साली बॉश कंपनीनं इंजेक्शन पंपांचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि लहान इंजिनांची वाट सोपी झाली. आपल्याकडे साताऱ्यात कूपर, तर 1946 पासून पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. बंगळुरूत 1951 साली 'मायको' सुरू झाली आणि पुढे पंप-नोझलही देशातच बनू लागले. टायमिंग मात्र गावोगावच्या मिस्त्रींच्या कानावर राहिलं.

आता कॉमन रेल इंजिनात ते संगणक ठरवतो. आधी डिझेलचा अगदी छोटा फवारा सोडतो. तो पेटून आतली हवा आणखी तापते, मग मुख्य फवारा न साचता जळतो. ठोका विरतो.

आबांना आता कमी ऐकू येतं. वयामुळे की इंजिनाशेजारी काढलेल्या वर्षांमुळे, कोण सांगणार? गेल्या दिवाळीत टोमॅटो न्यायला नवी पिकअप दारात आली. आबांनी बोनेटवर तळहात ठेवला.

"चालू आहे का रे?"

मी मान हलवली. आबा म्हणाले, "जोर नाही हिच्यात."