दगडांचे टाळ

१९४८ साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफरने आगगाडी, पातेली यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून संगीत रचलं. जगाने त्याला प्रयोग म्हटलं. मला आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा आठवतात. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण अकोल्याकडच्या दापुऱ्यात, मामाची गुरं राखण्यात. मृदंग-वीणा नसली तरी दोन दगड एकमेकांवर आपटून बाबांचं कीर्तन सुरू. प्रयोग कसला, जवळ दुसरं होतं काय! ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्रे पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे; पुढे दीड महिन्यातच, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ ते गेले. त्या मुद्रणात बाबा प्रश्न टाकतात आणि जमाव ओरडून उत्तर देतो. आवाज ‘स्वच्छ’ करताना कुणी तो गलका पुसला, तर अर्धं कीर्तन जाईल.