हँड्स-फ्री आवाजाचा इतिहास : उपग्रहापासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत

जालना एमआयडीसी म्हटलं की सळईच्या रोलिंग मिल आणि इंडक्शन भट्ट्या आल्या. अशा शेडमध्ये क्रेनवाल्याचे दोन्ही हात कामात असतात. त्याच्याशी बोलायचं तर हँड्स-फ्रीच हवं, आणि "थांब" हा एक शब्द पोचला नाही तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. हे काम आज एक छोटी व्हॉइस प्रोसेसिंग चिप करू शकते. तिच्यातला प्रत्येक भाग कुणाच्या तरी वेगळ्याच अडचणीचं उत्तर म्हणून जन्मला आहे, म्हणून तिचा इतिहास बघू.

पहिली अडचण प्रतिध्वनीची. 1965 मध्ये 'अर्ली बर्ड' हा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर गेला. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागायचा, म्हणजे आपलाच प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने कानावर. पुणे जिल्ह्यात आर्वीला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रह केंद्र सुरू झालं, तेव्हा परदेशी फोनला हाच उशीर होता. जुना उपाय सोपा होता: एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट बंद करायची. पण दोघं एकदम बोलले की शब्द तुटायचे.

बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि मनमोहन सोंधी यांनी वेगळा विचार केला. वाट बंद कशाला करायची? प्रतिध्वनी कसा येईल याचा अंदाज बांधा आणि तो वजा करा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेल्या सोंधींचा यावरचा शोधनिबंध 1967 चा. उरलेली चूक बघून फिल्टर स्वतःला सुधारत जातो. चुकीवरून शिकण्याची अशीच एक पद्धत, एलएमएस, विड्रो आणि हॉफ यांनी 1960 मध्ये मांडली होती.

मग ती लगेच सगळीकडे का आली नाही? इथे वही-पेन घ्या. फोनमध्ये सेकंदाला 8,000 नमुने. 16 मिलिसेकंदांच्या प्रतिध्वनीला 128 गुणांक लागतात. प्रत्येक नमुन्याला अंदाजासाठी एकदा आणि सुधारणेसाठी एकदा गुणाकार, म्हणजे सेकंदाला सुमारे 20 लाख गुणाकार. 1980 मध्ये बेल लॅब्जच्या डटवायलर आणि चेन यांनी एका चिपवर बसवलेला कॅन्सलर टेलिफोन लाइनसाठी होता. हँड्स-फ्रीमध्ये मात्र स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून माइकमध्ये येतो. तो 100 मिलिसेकंद धरला तर 800 गुणांक, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त गुणाकार. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस32010 ही सुरुवातीची डीएसपी चिप सेकंदाला साधारण 50 लाख सूचना करायची. गणित तयार होतं, चिप पुरत नव्हती.

दुसरी अडचण गोंगाटाची. 1979 मध्ये स्टीव्हन बोल यांनी स्पेक्ट्रल सबट्रॅक्शन मांडलं: माणूस गप्प असताना गोंगाट मोजायचा आणि बोलताना तो वजा करायचा. यात एक गृहीतक दडलंय, की गोंगाट फारसा बदलत नाही. पंख्याला ते चालतं. पण सळई स्टँडमध्ये शिरताना किंवा शिअरवर कापली जाताना होणारा धाडकन आवाज आधी मोजणार कसा? पुढे दोन माइकचा फरक वापरणाऱ्या चिप मोबाइलमध्ये आल्या, 2010 च्या नेक्सस वनमध्ये अशीच एक होती. त्याने बरीच मदत झाली, पण शेडमध्ये आवाज सगळीकडून येतो तेव्हा तो फरकही कमी पडतो.

आता तुमच्यासाठी मुद्दा. अनेक शोधनिबंध चाचणीसाठी नॉइझेक्स-92 हा संच वापरतात. त्यात 'फॅक्टरी' नावाचे दोन गोंगाट आहेत: एक पत्रा कापणं आणि वेल्डिंगचा, दुसरा मोटार कारखान्याचा. रोलिंग मिल त्यात नाही. आणि मराठीत "भर" आणि "बर" यांत फरक फक्त श्वासाच्या झोताचा. तो झोत चिप गोंगाट समजून पुसते का? हे मोजता येण्यासारखं आहे.

म्हणून विषय निवडताना "नवीन अल्गोरिदम कोणता?" हे नंतर विचारा. आधीच्या माणसाने कोणती अडचण सोडवली, काय गृहीत धरलं आणि ते गृहीतक आपल्या गावात कुठे मोडतं, हे आधी लिहून काढा. प्रस्तावाचं पहिलं पान तिथूनच तयार होतं.