मोजपट्टी कोणाच्या हाताची?

गोंदिया जिल्ह्यात चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बायांचे हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलणारा हा हात म्हातारपणी नेमका कधी ‘दुबळा’ ठरतो? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा कळले की ती रेघ प्रथम दूरदेशी आखली गेली.

१९९८ मध्ये बाउमगार्टनर यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या अभ्यासात हातापायांच्या स्नायूंचे वजन उंचीच्या वर्गाने भागले. तरुणांच्या सरासरीवरून त्यांनी ठरवलेली मर्यादा पुरुषांसाठी ७.२६, स्त्रियांसाठी ५.४५ होती. २०१४ मध्ये आशियाई तज्ज्ञगटाने ती ७.० आणि ५.४ ठेवली. मात्र पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा हलकी असतात आणि ती तूट चरबीपेक्षा स्नायूंत अधिक असते, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००३ मध्येच दाखवले होते. पुढे २०२० मध्ये चंदीगडच्या निरोगी तरुणांवरून भारतीय मर्यादा निघाली: ६.११ आणि ४.६१, मुठीची पकड २७.५ आणि १८ किलो.

परकी पट्टी लावली, तर आपली धडधाकट माणसेही दुबळी ठरतात. आपली लावली, तर पिढ्यान्‌पिढ्यांची अर्धपोटी अवस्थाच ‘सामान्य’ ठरण्याचा धोका उरतो. शिवाय चंदीगडची पट्टी शहरी आहे. रोवणी करणाऱ्या बाईचा हात तिच्यात मोजलेला नाही. तो मोजल्याशिवाय त्याला दुबळा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटते.